अर्धशिशी आणि तेलाचा हात

आमच्या मिरजेच्या घरात महिन्यातून दोन-तीनदा माजघराची खिडकी भर दुपारी बंद व्हायची. रेडिओ बंद, फोडणी बंद आणि आम्हा मुलांची रवानगी अंगणात. आत आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, डोक्याला जुन्या लुगड्याची पट्टी गच्च आवळून. उशाशी एक पातेलं, उलटी झाली तर हाताशी असावं म्हणून. कुणी विचारलं तर आजी एकच शब्द सांगायची, "अर्धशिशी."

घरातल्या पुरुषमंडळींचं मत वेगळं होतं. डोकं काय, सगळ्यांचंच दुखतं. अंगात ताप नाही, कुठे सूज नाही, जखम नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई उठून पोळ्या लाटते, मग काल एवढं झालं तरी काय होतं? एका काकांनी तर "पाहुणे यायचे म्हटलं की हिचं डोकं उठतं" असा शोधच लावला होता. गंमत म्हणजे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. पाहुणे येणार म्हणजे आईचं जागरण, जेवणाची आबाळ, उन्हातली धावपळ. अर्धशिशीला ही तिन्ही आमंत्रणं पुरतात. निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चुकीचा, हा प्रकार या आजाराच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो, हे मला पुढे कळलं.

आजी या चर्चेत पडायची नाही. दुखणं उतरल्यावर, एक-दोन दिवसांनी, ती खोबरेल तेलाची वाटी कोमट करून आणायची. "ये गं, बस इथं." टाळूवर तेल जिरवून मग बोटं कानशिलावर, कानामागे आणि शेवटी मानेवर. मानेवर तिचा हात बराच वेळ असायचा. आईचे खांदे हळूहळू खाली यायचे आणि कधीकधी ती बसल्या जागी पेंगायची.

एकोणिसाव्या वर्षी मलाही अर्धशिशीचा पहिला झटका आला. तेव्हा आजी नव्हती, फोन होता. फोनवर दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणत होती, कपाळावरचा अमुक बिंदू दाबा, मायग्रेन दहा मिनिटांत गायब. दुसरी म्हणत होती, मालिश वगैरे सगळं थोतांड, गोळी घ्या. दोघांच्याही आवाजात तीच खात्री. मला प्रश्न पडला की आजीचा हात नेमकं काय करत होता? उत्तर शोधताना कळलं की हा प्रश्न दोन हजार वर्षं तरी जुना आहे आणि त्याच्या उत्तरात एका पाटण्याच्या माणसाचा मोठा वाटा आहे.

अर्ध्या डोक्याचं नाव

आधी नावापासून सुरुवात करू. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन या दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हणाला, म्हणजे अर्धी कवटी. हाच शब्द लॅटिन आणि फ्रेंच तोंडांतून झिजत झिजत 'मायग्रेन' झाला. आपल्याकडे चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत त्याचं नाव 'अर्धावभेदक', अर्धं डोकं फोडणारा. मराठीतली 'अर्धशिशी'ही त्याच अर्ध्यातली. एकमेकांपासून हजारो मैलांवरच्या लोकांनी एकाच खुणेवर बोट ठेवलं, कारण दुखणाऱ्याने दुसरं काही सांगण्याआधी हेच सांगितलं असणार की एकाच बाजूचं दुखतंय.

ही वर्णनं आज वाचली की अंगावर काटा येतो. कॅपाडोशियाचा वैद्य अरेटियस लिहितो की असे रुग्ण उजेडापासून पळतात, अंधारात त्यांना बरं वाटतं. म्हणजे आमच्या माजघराची बंद खिडकी. चरकसंहितेत अर्धावभेदकाची जागा फार नेमकी सांगितली आहे: मान, भुवई, कानशील, कान, डोळा आणि कपाळ यांच्या अर्ध्या भागात वेदना, शस्त्राने कापल्यासारखी किंवा अग्नी पेटवायला लाकूड घुसळतात तशी. कारणांच्या यादीत कोरडं अन्न, आधीचं पचायच्या आत पुन्हा जेवणं, पूर्वेचा वारा, दव, वेग अडवून धरणं आणि अतिश्रम येतात. या यादीत मान पहिल्यांदा येते, हे ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

उपचार काय होते? तूप-तेल पोटात घेणं, नाकात औषधी थेंब सोडणं म्हणजे नस्य, शेक, लेप, डोक्यावर चामड्याचं कडं बसवून त्यात कोमट तेल धरणं म्हणजे शिरोबस्ती. काहीच चाललं नाही तर डागणंही होतं. रोज डोक्याला तेल लावण्याची शिफारस मात्र चरकसंहितेत वेगळ्या जागी आहे, दिनचर्येत. तिथे म्हटलंय की असं करणाऱ्याला डोकेदुखी होत नाही, केस गळत-पिकत नाहीत आणि झोप सुखाची लागते. म्हणजे डोक्याचं तेल हे मुळात रोजच्या राहणीतलं होतं, दात घासण्याच्या पंक्तीतलं. झटका आल्यावर धावपळ करून लावायचं औषध म्हणून ते सांगितलेलं नाही. आजीची वाटी दुखणं उतरल्यावर यायची, ते मला तोवर विचित्र वाटायचं.

पाटलीपुत्राचा संवाहक

अंग चेपण्याला संस्कृतात 'संवाहन' म्हणतात आणि चेपणाऱ्याला 'संवाहक'. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात असा एक संवाहक आहे. मराठी रंगभूमीला हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपातून चांगलं ठाऊक आहे. हा संवाहक जुगारात दहा सुवर्णनाणी हरलाय, वसुलीवाले मागे लागलेत आणि तो पळत पळत वसंतसेनेच्या घरात शिरतो. ती विचारपूस करते तेव्हा तो सांगतो की आपण मूळचे पाटलीपुत्राचे, चांगल्या घरचे. उज्जयिनीचं नाव ऐकून कुतूहलाने इथं आलो. अंग चेपण्याची विद्या कला म्हणून शिकलो होतो, आता ती पोटाचा धंदा झाली आहे.

हे शेवटचं वाक्य हजार-दीड हजार वर्षं जुनं आहे, पण ते आजच्या कुठल्याही स्पामधल्या मुलाचं किंवा चौपाटीवर बाटल्या खुळखुळवत फिरणाऱ्या मालिशवाल्याचं असू शकतं. हाताला कसब आहे, लोकांना त्याची गरज आहे, पण प्रतिष्ठा नाही. आणि पाटलीपुत्र म्हणजे आजचं पाटणा. त्याच गावात 1759 साली जन्मलेला एक मुलगा पुढे हेच कसब घेऊन इंग्लंडच्या राजापर्यंत पोचणार होता.

ब्रायटनचा वाफेचा तंबू

त्याचं नाव शेख दीन मुहम्मद. इंग्रजी कागदपत्रांत ते 'साके डीन महोमेद' असं येतं. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत होते. ते लवकर गेले. अकरा वर्षांच्या आसपासचा हा मुलगा गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे फौजेत गेला आणि पुढे 1784 साली त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पोचला. तिथे तो इंग्रजी शिकला, जेन डेली या आयरिश मुलीशी लग्न केलं आणि 1794 साली आपल्या प्रवासांचं पुस्तक छापलं. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला भारतीय मानला जातो.

मग लंडन. 1810 साली त्याने तिथे 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं. हुक्का, वेताच्या खुर्च्या, मसालेदार जेवण असा सगळा थाट. दोन वर्षांत दिवाळं निघालं. पन्नाशी उलटलेली, पदरी संसार, हातात पैसा नाही. अशा वेळी माणूस काय विकणार? दीन मुहम्मदने ब्रायटनला जाऊन हात विकले.

ब्रायटन हे तेव्हा इंग्लंडचं फॅशनेबल समुद्रकाठचं गाव होतं. डॉक्टर लोक श्रीमंत रुग्णांना हवापालट आणि समुद्रस्नानासाठी तिथे धाडत. दीन मुहम्मदने किनाऱ्यालगत वाफेचं स्नानगृह थाटलं. रुग्णाला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचं, आत औषधी वनस्पतींची वाफ सोडायची आणि घाम सुटला की मालिश करणाऱ्याने तंबूच्या फटींतून फक्त हात आत घालून अंग रगडायचं. या कामाला तो 'शॅम्पूइंग' म्हणायचा. हिंदी-उर्दूतलं 'चाँपो', म्हणजे दाबा, चेपा, हे त्याचं मूळ. मराठीतलं 'चेपणं' त्याच्या जवळचंच आणि आपली 'चंपी'ही तिथलीच. हा शब्द केस धुण्याला चिकटला तो पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तुमच्या न्हाणीघरातल्या बाटलीवरचा शब्द मुळात मालिशचा आहे.

धंदा तुफान चालला. बऱ्या झालेल्या रुग्णांनी टाकून दिलेल्या कुबड्या तो स्नानगृहाच्या दर्शनी भागात टांगून ठेवी. 1822 साली त्याने शॅम्पूइंगवर पुस्तक काढलं. त्यात संधिवात, लकवा, दमा, कंबरदुखी असल्या आजारांच्या हकिकती आणि आभाराची पत्रं होती. चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतर चौथा विल्यम या दोन राजांचा 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून त्याची नेमणूक झाली.

आता थोडं अवघड वळण. या पुस्तकात दीन मुहम्मदने आपलं जन्मसाल दहा वर्षं मागे ढकललं, 1749 असं लिहिलं. त्या वाढीव दहा वर्षांत आपण हिंदुस्थानात वैद्यकाचं शिक्षण घेतलं, असा त्याचा दावा होता. असं काही शिक्षण झालं नव्हतं. त्याच्याकडे होतं ते कसब. पण नुसत्या कसबाला लंडन-ब्रायटनात कोण विचारणार? तिथे पदवी हवी होती, आजारांची लांब यादी हवी होती आणि बरे झाल्याचे पुरावे हवे होते. त्याने तिन्ही पुरवले. एका परक्या देशात, सावळ्या कातडीच्या माणसाने, दिवाळखोरीनंतर. मला त्याच्यावर चिडता येत नाही. पण हाताने जेवढं होतं त्यापेक्षा जास्त बोलायची सवय युरोपातल्या मालिशच्या धंद्यात मुरली, तिची एक मुळी इथे आहे, हेही नाकारता येत नाही. आयुष्याच्या शेवटच्या दशकात ते मोठं स्नानगृह त्याच्या हातून गेलं. 1851 साली तो वारला तेव्हा त्याचं नाव बरंचसं मागे पडलं होतं.

नातवाचं यंत्र

त्याचा एक नातू डॉक्टर झाला. फ्रेडरिक अकबर महोमेद, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये. मनगटावरच्या नाडीची रेघ कागदावर उमटवणारं यंत्र त्याने सुधारलं आणि वाढलेल्या रक्तदाबावर पायाभूत काम केलं. 1884 साली, पस्तिशीतच, टायफॉइडने तो गेला. आजोबा हाताने अंग वाचायचे, नातू यंत्राने नाडी वाचत होता. एकाच घरात दोन पिढ्यांच्या अंतराने वैद्यक असं कूस बदलत होतं. डोळ्यांना दिसेल, कागदावर उमटेल, मोजता येईल ते खरं, असा नवा दंडक आला होता.

अर्धशिशीची पंचाईत इथेच झाली. ती कुठल्याच रेघेत उमटत नव्हती. 1873 साली एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज डॉक्टरने तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तिला मज्जासंस्थेतलं वादळ म्हटलं. आजच्या समजुतीच्या ते बरंच जवळ जातं. पण वादळ दाखवणार कसं?

त्याच काळात युरोपात मालिशला पुन्हा बरे दिवस आले, या खेपेला डॉक्टरी वेशात. गुस्ताफ नॉरस्ट्रॉम या स्वीडिश डॉक्टरने 1885 साली पॅरिसमध्ये पुस्तकच काढलं, मालिशने अर्धशिशीचा उपचार. अशा रुग्णांच्या मानेच्या आणि डोक्यामागच्या स्नायूंत बोटांना कडक, दुखऱ्या जागा लागतात, हे त्याचं निरीक्षण. त्या जागांतच अर्धशिशीचं मूळ आहे आणि त्या रगडून विरवल्या की आजार जातो, हा त्याचा निष्कर्ष. आमच्या काकांसारखंच झालं इथे. निरीक्षण बरोबर होतं. निष्कर्षाचं काय झालं ते पुढे येतंच आहे.

आणि मग बदनामी. 1894 साली ब्रिटनच्या एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाने लंडनमधल्या मालिश-दुकानांबद्दल सावधानतेचा इशारा छापला. मालिशच्या पाटीआड वेश्याव्यवसाय चालतो, खोटी प्रमाणपत्रं वाटली जातात, असा त्याचा रोख होता. परिचारिका आणि सुईणीची कामं करणाऱ्या चार बायकांना हे लागलं. रोझलिंड पॅजेट त्यांतली एक. त्यांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशवालींची संस्था काढली, परीक्षा सुरू केल्या आणि कडक नियम घातले. डॉक्टरच्या सांगण्याशिवाय उपचार नाही आणि जाहिरातबाजी नाही. याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधली फिजिओथेरपीची अधिकृत संघटना उभी राहिली. आज तुमच्या गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या पाटीमागे या चौघींच्या रागाचाही थोडा हात आहे. हात टिकवायचा तर बोलणं कमी करावं लागेल, हे त्यांना दीन मुहम्मदपेक्षा चांगलं कळलं होतं.

स्वभावाला औषध नाही

विसाव्या शतकात गोळी आली. राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट नावाच्या बुरशीतून 1918 साली अर्गोटामाइन वेगळं काढलं गेलं आणि पुढच्या दशकात ते अर्धशिशीवर वापरात आलं. 1938 साली न्यूयॉर्कमध्ये हॅरल्ड वुल्फ आणि जॉन ग्रॅहम यांनी दाखवलं की हे औषध दिल्यावर कानशिलावरच्या धमनीचं उडणं कमी होतं आणि बरोबरच दुखणंही उतरतं. यातून सिद्धांत उभा राहिला: रक्तवाहिन्या फुगतात म्हणून डोकं ठणकतं. ही धमनी बोटाने दाबून धरली तर काही जणांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, हेही तेव्हा दिसून आलं होतं. आईची ती गच्च आवळलेली पट्टी आठवा.

पण याच वुल्फने 1937 साली अर्धशिशीवाल्यांच्या स्वभावाबद्दलही लिहिलं. महत्त्वाकांक्षी, काटेकोर, सगळं जागच्या जागी लागणारी, राग आत गिळणारी माणसं, असं ते चित्र होतं. 'मायग्रेनी स्वभाव' ही कल्पना पुढे अनेक दशकं दवाखान्यांतून फिरली. एकदा दुखणं स्वभावाच्या खात्यावर टाकलं की रुग्णाची तक्रार ही त्याची खोड ठरते. पुरुषांच्या दोन-तीनपट बायकांना हा आजार होतो, तेव्हा खोड बहुतेक वेळा बायकांचीच ठरली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी जे शास्त्रीय भाषेत म्हटलं तेच आमच्या माजघराबाहेर मिरजेच्या मराठीत म्हटलं जात होतं.

पुन्हा मानेपाशी

रक्तवाहिन्यांचा सिद्धांतही अपुरा निघाला. 1990 साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दाखवलं की झटक्याच्या वेळी डोक्याकडून परतणाऱ्या रक्तात सीजीआरपी नावाचं एक रसायन वाढलेलं असतं. ते मज्जातंतूंच्या टोकांतून सुटतं. 2013 साली कोपनहेगनच्या संशोधकांनी झटका चालू असताना रुग्णांच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढली, तेव्हा कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या सापडल्याच नाहीत. 2018 साली सीजीआरपीचा मार्ग अडवणारं पहिलं औषध अमेरिकेत मान्य झालं. लिव्हिंगचं वादळ दीडशे वर्षांनी कागदावर उमटलं.

या नव्या चित्रात मानेची जागा कळते. चेहरा आणि कपाळाची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचे धागे मेंदूच्या बुंध्याशी जिथे उतरतात, तिथेच मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे धागेही येऊन मिळतात. दोन गल्ल्या एकाच चौकात. चौकात गोंधळ झाला की दोन्ही गल्ल्यांत गोंगाट ऐकू येतो. म्हणून झटक्याच्या आधी आणि झटक्यात कित्येकांची मान धरते, दुखते, कडक होते. चरकसंहितेने मान यादीत घेतली ते अचूक होतं. नॉरस्ट्रॉमच्या बोटांना लागलेला कडकपणाही खराच होता. चूक झाली ती कार्यकारणात. पुष्कळदा धरलेली मान हे झटक्याचं मूळ नसतं, तो झटक्याचाच एक भाग असतो. ती रगडून अर्धशिशी मुळापासून उपटता येत नाही.

मग मालिशचा काहीच उपयोग नाही का? आहे, बेताचा. 2006 साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या दोन संशोधकांनी अर्धशिशीच्या रुग्णांचे दोन गट करून एका गटाला काही आठवडे नेमाने मालिश दिलं. त्या गटात झटक्यांची संख्या कमी झाली आणि झोप सुधारली. सगळे मिळून रुग्ण पन्नाससुद्धा नव्हते. 2011 साली हाताने करायच्या उपचारांवरचे असे प्रयोग एकत्र तपासले गेले. त्यांचा फायदा होतो असं दिसतं, पण प्रयोग लहान आहेत आणि त्यांत त्रुटी आहेत, असा तो निर्वाळा होता. यात खोट अशी की हात गुपचूप फिरवता येत नाही. गोळीऐवजी साखरेची गोळी देऊन रुग्णाला फसवता येतं, मालिशऐवजी खोटं मालिश देणं कठीण. त्यामुळे बोटांनी किती काम केलं आणि तासभर कुणीतरी आपल्याजवळ बसलं याने किती, हे वेगळं करणं जिकिरीचं आहे.

त्या प्रयोगात झोप सुधारली, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. चरकसंहितेच्या दिनचर्येतही तेलाबरोबर झोप आहेच. अपुरी झोप आणि ताण ही झटक्याची दोन मोठी निमित्तं. हात बहुधा तिथेच काम करतो, दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत. ऐन झटक्यात मात्र कित्येकांना कंगवासुद्धा सोसत नाही, केसांची मुळं दुखतात, कारण त्या वेळी साध्या स्पर्शालाही मेंदू वेदना समजतो. तेव्हा चंपी करायला जाणं म्हणजे छळ. आजीने हे कुठे वाचलं नव्हतं. एकदा झटक्यात हात लावल्यावर आई किंचाळली असेल आणि आजी शिकली असेल.

हाताचं माप

1957 सालच्या 'प्यासा'मध्ये जॉनी वॉकर तेलाच्या बाटल्या घेऊन कलकत्त्याच्या बागेत चंपीची जाहिरात करत फिरतो. त्या गाण्यातला मालिशवाला सगळ्या दुःखांवर आपल्या हाताचा उतारा सांगतो आणि आपण हसतो, कारण तो थापा मारतोय हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. दीन मुहम्मदच्या कुबड्यांपासून आजच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओंपर्यंत थाप तीच आहे. फक्त मधला तो डोळा मिचकावणं कुठेतरी गळून पडलं.

थापेची किंमत पडते. अर्धशिशी हा जगात माणसाला कामातून उठवणाऱ्या आजारांत दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तरुण बायकांमध्ये पहिल्या, असा 2019 सालच्या जागतिक आजारभाराच्या आकड्यांचा निष्कर्ष आहे. अशा आजाराला नुसतं 'तेल लाव, बरं वाटेल' म्हणणं हेसुद्धा तो न मानण्यातलंच. दुसऱ्या बाजूने, साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेत राहिलं तर गोळीच डोकेदुखी वाढवते. न्हाव्याच्या खुर्चीत मान कडकन मोडून घेणं तर धोक्याचंच, त्या झटक्याने मानेतली धमनी फाटू शकते. आणि आयुष्यात कधी नव्हे असं अचानक दुखू लागलं, बरोबर ताप आला, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

तीन वर्षांपूर्वी मी आईला मज्जाविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. वय एकसष्ट. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं दुखतंय? आई म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून." त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. चाळीसहून अधिक वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी कागदावर उतरवलं होतं. झटके कमी करणारी रोजची गोळी सुरू झाली. महिन्यातले तीन झटके दोन-तीन महिन्यांतून एकावर आले.

परत येताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासूबाईंना माहीत होतं गं. त्या कधी म्हणाल्या नाहीत की दुखत नसेल."

आजीच्या हाताने आईची अर्धशिशी बरी झाली नाही. वीस-बावीस वर्षं ती वाटी येत राहिली आणि झटकेही येत राहिले. पण त्या घरात ज्या एका माणसाने दुखण्याचा पुरावा मागितला नाही, तो हात तिचा होता. गोळी आल्यावरही रविवारची वाटी आम्ही बंद केलेली नाही. आता मी आईच्या डोक्याला तेल लावते आणि नंतर ती माझ्या. मानेपाशी आलं की दोघींचेही हात आपोआप थांबतात.